धरणावर मुलांना बोटीत बसवताय? आधी काठावर एवढं तपासा

पाऊस चांगला झाला की धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातल्या माकणीचं नाव सगळ्यांच्या तोंडी येतं. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण इथे आहे. आसपासच्या गावांत त्याला 'माकणी धरण' असंच म्हणतात. धरण भरल्याचे, दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरायला लागले की पाणी बघायला जायचे बेत घरोघरी ठरतात.

यात नवल काही नाही. शेजारच्या लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात नजर पोहोचेल तिथपर्यंत पाणी दिसणं हाच एक सोहळा असतो. डबा बांधून, आजी-आजोबांना आणि पोराबाळांना घेऊन लोक निघतात.

मग काठावर एखादी होडी दिसते आणि मुलं हट्ट धरतात, "बाबा, बोटीत बसायचं!"

इथून पुढची दोन मिनिटं महत्त्वाची. माकणी असो, उजनी असो की कोयनेचा शिवसागर, बोटीतल्या मुलाची सुरक्षितता बहुतेक वेळा बोट सुटण्याआधीच ठरलेली असते. त्या दोन मिनिटांत आई-बाबांनी काय बघायचं आणि का बघायचं, ते समजून घेऊ.

उजनीत काय झालं होतं?

२१ मे २०२४ ची संध्याकाळ. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या कुगावहून एक प्रवासी बोट पुणे जिल्ह्यातल्या कळाशीकडे निघाली. मध्ये उजनी धरणाचं पाणी. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून इथले लोक बोटीनं ये-जा करतात.

वाटेत जोराचा वारा सुटला आणि बोट उलटली. बोटीत सात जण होते. त्यातले एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. बाकीच्या सहा जणांचा मृत्यू झाला. त्यात एक नवरा-बायको आणि त्यांची दोन लहान मुलं होती.

ही माणसं सहलीला निघाली नव्हती, पाण्यात मस्ती करत नव्हती. नेहमीच्या वाटेनं निघाली होती. 'रोज जातात की लोक, काही होत नाही' हे वाक्य तपासून बघायला हवं ते त्यासाठीच.

धरणाचं पाणी तर शांत असतं, मग धोका कुठे?

समुद्राला लाटा असतात, नदीला धार असते. धरण मात्र तळ्यासारखं निवांत दिसतं. पण या निवांत दिसण्याखाली तीन-चार गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली गोष्ट वारा. उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला झाड नाही, घर नाही, टेकडी नाही. वाऱ्याला जेवढं लांब मोकळं पाणी मिळेल तेवढ्या लाटा वाढत जातात. धरणातल्या या लाटा समुद्रासारख्या लांबलचक नसतात. त्या आखूड असतात आणि एकापाठोपाठ एक येतात. छोट्या होडीला त्याच जास्त त्रास देतात.

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात दुपारनंतर वळवाचे ढग जमतात. पाऊस सुरू होण्याआधीच त्या ढगांतून थंड हवा जोरात खाली येते आणि जमिनीवर पसरते. काठावर आपण याला 'गार वारा सुटला' म्हणतो आणि खूश होतो. पाण्यावर मात्र हाच वारा काही मिनिटांत होडी हेलकावायला लागतो. उन्हाळ्यात बोटीत बसायचंच असेल तर सकाळची वेळ चांगली. दुपारनंतर आभाळ एका बाजूनं काळं दिसायला लागलं की बेत रद्द करायचा.

दुसरी गोष्ट तळ. धरणाखाली जुनी शेतं, विहिरी, बांध, झाडांचे बुंधे, कधीकधी घरांच्या भिंती असतात. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की थेट जुन्या नदीचं पात्र किंवा विहीर लागू शकते. शिवाय आपल्याकडे काळी माती. तिच्या गाळात पाय रुतला की मोठ्या माणसालाही तो पटकन काढता येत नाही. होडी काठाजवळ आली म्हणून मुलाला उडी मारू देणं धोक्याचं ठरतं ते यामुळे.

तिसरी गोष्ट धरणाची भिंत आणि दरवाजे. विसर्ग सुरू असताना पाणी दरवाजांकडे ओढलं जातं. वरून पृष्ठभाग संथ दिसला तरी ही ओढ असते. दरवाजांच्या खालच्या बाजूला, नदीपात्रात, पाणी अचानक वाढू शकतं. भोंगा वाजला की फोटो अर्धवट सोडून वर यायचं. भिंतीजवळ बोट न्यायचा आग्रह तर कधीच धरायचा नाही.

बोट उलटते कशी?

बोट बुडायला तिला भोक पडावं लागतं असं नाही. पाण्याच्या वर बोटीची जी कड दिसते ती किती उंच आहे, यावर बरंच काही अवलंबून असतं. माणसं वाढली की बोट खाली बसते आणि ही कड पाण्याजवळ येते. मग एखादी साधी लाटही आत पाणी टाकते. आत आलेलं पाणी जिकडे बोट कलते तिकडेच धावतं आणि बोटीला आणखी कलवतं.

दुसरं कारण उभं राहणं. बसलेल्या माणसाचं वजन खाली असतं, उभ्या माणसाचं वर जातं आणि बोट डगमगते. त्यात 'तो बघ पक्षी' म्हणून सगळे एकाच बाजूला झुकले की तोल जायला वेळ लागत नाही. लहान मुलं नेमकं हेच करतात. पाण्यात हात घालायला वाकतात, दुसऱ्या बाजूच्या भावाकडे धावतात. मोबाइल बाहेर निघाला की मोठी माणसंही हेच करतात.

गर्दी किती महाग पडते, हे १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात दिसलं. शाळेची सहल होती. क्षमतेपेक्षा जास्त मुलं बोटीत बसवली होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हती. बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या.

त्याआधी ७ मे २०२३ रोजी केरळमधल्या तानूरला पर्यटकांची बोट संध्याकाळी उलटली आणि २२ जणांचा जीव गेला. त्यात मुलं बरीच होती. ती मुळात मासेमारीची बोट होती, तिच्यात बदल करून ती पर्यटकांसाठी वापरली जात होती. मासेमारीची बोट आणि माणसं नेण्याची बोट यांची घडण वेगळी असते. वरून मजला चढवला की वजन वर जातं आणि बोट सहज कलंडते.

मोठ्यांचं लाइफ जॅकेट लहान मुलाला चालतं का?

नाही. सगळ्यात जास्त चूक इथे होते.

मोठ्या माणसाचं जॅकेट पाच वर्षांच्या मुलाला घातलं की ते काठावर ठीक दिसतं. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली सरकतं. जॅकेट चेहऱ्यावर येतं किंवा डोक्यावरून निघूनच जातं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, त्यामुळे नुसतं तरंगून भागत नाही. तोंड आणि नाक पाण्याच्या वर राहायला हवं.

म्हणून मुलांचं जॅकेट वयावर ठरत नाही, ते वजनावर ठरतं. चांगल्या जॅकेटच्या आतल्या बाजूला किलोचा आकडा छापलेला असतो. अमेरिकेत साधारण असे गट आहेत: १४ किलोपर्यंत तान्ह्यांसाठी, १४ ते २३ किलो लहान मुलांसाठी आणि २३ ते ४१ किलो मोठ्या मुलांसाठी. आपल्या मुलाचं वजन घरून निघतानाच माहीत असलेलं बरं.

जॅकेट घातल्यावर तीन गोष्टी बघायच्या.

- खांद्याची चाचणी: सगळे पट्टे आवळा. मुलाला हात वर करायला सांगा आणि जॅकेट खांद्याजवळ धरून वर ओढा. ते हनुवटी ओलांडून कानापर्यंत आलं, तर ते मोठं आहे.
- मांड्यांमधला पट्टा: लहान मुलाच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. जॅकेट वर सरकू नये म्हणून तो असतो. तो लोंबकळत ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही.
- मानेमागची उशी: ही जाड कॉलर डोकं पाण्याच्या वर धरते. अगदी लहान मुलांसाठी ती हवीच.

फाटलेलं, पट्टा तुटलेलं, आतला फोम चुरगळलेला असं जॅकेट मिळालं तर बदलून मागा. बदलून मिळालं नाही तर बोटीत बसू नका.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधायची जुनी पद्धत आहे. शिकवणारा काका शेजारी असतो तोवर ते ठीक. पण डबा, ट्यूब किंवा थर्माकोल मुलाचं तोंड पाण्याबाहेर धरून ठेवत नाही. जॅकेटच्या जागी या वस्तू चालत नाहीत.

आणि तान्हं बाळ? अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा सल्ला सरळ आहे: इतक्या लहान बाळाला छोट्या बोटीत नेऊच नका, कारण त्याला नीट बसणारं जॅकेट मिळणं अवघड असतं. बाळाला ओढणीनं किंवा पट्ट्याच्या झोळीत छातीशी बांधून बोटीत बसणं आईला सुरक्षित वाटतं. बोट उलटली तर मात्र ती गाठ पाण्यात सुटत नाही. अशा वेळी एकानं बाळाला घेऊन काठावर थांबावं आणि बाकीच्यांनी फेरी मारून यावं.

जॅकेट बोटीत असलं की झालं ना?

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. शंभराहून जास्त प्रवासी होते. १५ जणांचा मृत्यू झाला. मदतीला सर्वात आधी पोहोचलेल्यांमध्ये सीआयएसएफचे जवान होते. त्यांच्यातल्या एकानं नंतर माध्यमांना सांगितलं की बोट बुडते आहे हे दिसल्यावर काही आई-वडील आपल्या मुलांना समुद्रात टाकायच्या तयारीत होते. पाण्यात टाकलं तर निदान ती वाचतील असं त्यांना वाटत होतं. जवानांनी त्यांना थांबवलं आणि मुलांना आधी आपल्या बोटीत घेतलं.

त्या क्षणी बाकाखालचं जॅकेट शोधायचं, त्याचे पट्टे सोडायचे, रडणाऱ्या मुलाला ते घालायचं, हे कुणालाही जमणार नाही. या अपघातानंतर गेटवेहून जाणाऱ्या बोटींत जॅकेट घालणं सक्तीचं करण्यात आलं.

इतर देशांत मुलांसाठी वेगळे नियम आहेत. अमेरिकेत बोट चालू असताना १३ वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट घातलेलंच असावं, असा केंद्रीय नियम आहे. बंद केबिनमधल्या मुलांना त्यातून सूट मिळते. आयर्लंडमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना उघड्या डेकवर जॅकेट बंधनकारक आहे. दोन्हीकडे भर आहे तो 'घातलेलं' या शब्दावर.

बोटवाल्याला काय विचारायचं?

भारतात नद्या, तलाव आणि धरणांतल्या बोटींसाठी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. बोटीची नोंदणी, तपासणी, प्रवाशांची मर्यादा, विमा आणि जीवरक्षक साधनं हे सगळं त्यात येतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानंही २०१७ साली बोटींच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

पण काठावर उभं राहून कायदा कोण वाचणार? त्यापेक्षा पाच साधे प्रश्न विचारा.

१. दादा, या बोटीत किती माणसं बसवायची परवानगी आहे? आकडा बोटीवर लिहिलाय का?
२. नोंदणी आहे का? नंबर कुठे आहे?
३. लहान मुलांच्या मापाची जॅकेट आहेत का?
४. मध्येच इंजिन बंद पडलं तर काय करता? वल्हं आहे का, कुणाला फोन करता?
५. आज वारा कसा आहे? परत किती वाजता येणार?

आकडा मोजताना मांडीवरचं मूलही एक माणूस धरायचं. 'लेकराला काय मोजायचं' म्हणत म्हणतच बोट भरते.

उत्तरं सरळ मिळाली तर छान. बोटवाला चिडला किंवा 'काही होत नाही हो' म्हणून हसला, तर तेही एक उत्तरच आहे.

मासेमारांच्या छोट्या होड्या, थर्माकोलचे तराफे, हवा भरलेल्या ट्यूब ही त्यांची कामाची साधनं आहेत. त्यांना पाणी ठाऊक असतं, तोल ठाऊक असतो. पैसे देऊन त्यावर मुलांना फिरवून आणणं म्हणजे बोटिंग नाही. बोटीची हौस असेल तर रीतसर चालणाऱ्या ठिकाणी जा. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव पिढ्यान् पिढ्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या मुनावळे इथे कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मार्च २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू झालं. अशा ठिकाणीही वरचे पाच प्रश्न विचारायचेच.

मग मुलांना पाण्यापासून लांबच ठेवायचं का?

तसं केलं तर धोका उलट वाढतो. पाण्याची ओळखच नसलेलं मूल पाण्यात जास्त गोंधळतं.

परदेशात अनेक कुटुंबं मुलांना घेऊन शिडाच्या बोटीतून फिरतात. मुलांना शीड शिकवायला 'ऑप्टिमिस्ट' नावाची एकट्यानं चालवायची बोट आहे. १९४७ साली अमेरिकेत तिचा आराखडा झाला. लांबी जेमतेम सव्वादोन-अडीच मीटर. आज जगभरातली मुलं शीड हाकायला हिच्यावरच शिकतात.

हे सगळं समुद्रावरच होतं असंही नाही. माकणीजवळच्या उमरग्यावरून जाणारा सोलापूर-हैदराबाद महामार्ग जिथे पोहोचतो, त्या हैदराबादच्या हुसेनसागरात मुलं शीड शिकतात. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे छात्र सराव करतात. ही दोन्ही पाणी समुद्रापासून लांब आहेत.

अशा शाळांमध्ये सुरुवातीलाच शिकवला जाणारा एक धडा म्हणजे बोट मुद्दाम उलटवणं. जॅकेट घालून पाण्यात पडायचं, घाबरायचं नाही, उलटलेल्या बोटीला धरून राहायचं आणि मग ती सरळ करायची. बोट कधीतरी उलटणार हे तिथे गृहीतच धरलेलं असतं.

सहलीला जाणाऱ्या घरानंही तेवढंच गृहीत धरावं. निघण्याआधी मुलांना खेळासारखं सांगा: बोटीत बसूनच राहायचं, हात आत ठेवायचे, पाण्यात पडलास तर पाठीवर तरंगायचं आणि बोट धरायची. जॅकेट घालून काठाजवळच्या उथळ, माहितीच्या पाण्यात एकदा तरंगून बघितलं तर आणखी चांगलं. आणि प्रत्येक लहान मुलामागे एक मोठं माणूस नेमून द्या. 'सगळे लक्ष ठेवतायत' असं असलं की नेमकं कुणाचंच लक्ष नसतं.

मूल पाण्यात पडलंच तर?

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ओरडतो. प्रत्यक्षात बुडणारं मूल बहुतेकदा आवाजच करत नाही. तोंड पाण्याखाली जात असताना श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग ओरडणार कसं? सगळं मिनिटाभरात होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले. त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती.

पोहता येत नसेल तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा आणि त्याला वाचवायला तिसरा, अशी साखळी घडते. दोर, काठी, साडी, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे टाका. ११२ किंवा १०८ ला फोन लावा.

मुलाला बाहेर काढल्यावर त्याला उलटं धरून फिरवणं किंवा पोट दाबून पाणी काढणं टाळा. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास नसेल तर पाठीवर निजवून तोंडानं श्वास द्या आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, मदत येईपर्यंत थांबू नका. मूल शुद्धीवर आलं, बोलायला लागलं तरी दवाखान्यात दाखवा. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होऊ शकतो.

'नको' म्हणायचं कसं?

खरी अडचण बहुतेकदा माहितीची नसते. काठावर सगळी मंडळी जमलेली असतात. भाचरं आधीच बोटीत चढलेली असतात. बोटवाला हाका मारतो. मेहुणे म्हणतात, "अहो, पाच मिनिटांची तर फेरी!" अशा वेळी 'मुलांच्या मापाचं जॅकेट नाही, आम्ही नाही येत' म्हणणारी आई सगळ्यांना भित्री वाटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच धाराशिव जिल्ह्यात भूम-परंडा भागात पूर आला आणि घरांच्या छपरांवर अडकलेल्या कुटुंबांना बोटींतून काढावं लागलं. त्या बोटींतले एनडीआरएफचे जवान पट्टीचे पोहणारे असतात, तरीही जॅकेट घातल्याशिवाय ते बोटीत चढत नाहीत. त्यांना कुणी भित्रं म्हणत नाही.

हे बोलणं सोपं करायचा एक उपाय आहे. निर्णय काठावर घ्यायचाच नाही, घरून निघतानाच घ्यायचा. 'मुलांच्या मापाची जॅकेट असली आणि वारा नसला तरच बोट, नाहीतर काठावर भेळ' असं गाडीतच सगळ्यांना सांगून टाकायचं. मुलांनाही ते आधी कळलेलं असलं की हट्ट कमी होतो, आणि मेहुण्यांनाही उत्तर तयार असतं.

धरण पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे. बोटीची फेरी तेव्हाही मारता येईल.